अफगाण चर्चमधली न लिहिलेली नावं

बालमित्रांनो, तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक संगमरवरी पाटी असेल बघा. 'शाळा इमारत बांधकामास देणगी देणाऱ्यांची नावे' असं तिच्यावर लिहिलेलं असतं. ज्यांनी हजार दिले, पाच हजार दिले, त्यांची नावं त्यावर सापडतात. पण ज्या गवंड्यांनी भिंती रचल्या, ज्या बायकांनी डोक्यावरून वाळूच्या पाट्या वाहिल्या, त्यांची नावं? ती कुठंच नसतात. असं का बरं होत असेल?

हा प्रश्न मनात ठेवा. आज मी तुम्हांला मुंबईतल्या एका जुन्या चर्चमध्ये घेऊन जाणार आहे. तिथं गेल्यावर हाच प्रश्न पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

समुद्रातली खूण

मुंबईच्या अगदी दक्षिण टोकाला कुलाबा आहे. आज आपण बसमध्ये बसून सरळ तिथं जातो. पण पूर्वी कुलाबा हे वेगळं बेट होतं. ओहोटीच्या वेळी चिखलातून चालत जायचं, नाहीतर होडीनं. १८३८ साली मुंबई आणि कुलाबा जोडणारा रस्ता भराव घालून तयार झाला. हाच तो प्रसिद्ध कुलाबा कॉजवे. १८३८ हे साल लक्षात ठेवा हं, ते पुन्हा लागणार आहे.

कॉजवेवरून दक्षिणेला पुढं पुढं गेलं, की दुकानांची गर्दी संपते आणि लष्कराची वस्ती सुरू होते. मोठाली झाडं, शांत रस्ता. आणि मग झाडांच्या वर एक उंच टोकदार मनोरा दिसतो. त्याची उंची आहे १९८ फूट, म्हणजे जवळजवळ वीस मजली इमारतीएवढी! आज मुंबईत याहून उंच इमारती पुष्कळ आहेत. पण दीडशे वर्षांपूर्वी तिथं दुसरं काहीच उंच नव्हतं. त्यामुळं बंदरात शिरणाऱ्या जहाजांवरचे खलाशी या मनोऱ्याकडं बघून दिशा ठरवत.

या चर्चचं खरं नाव 'सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट'. पण हे नाव घेऊन पत्ता विचाराल तर फार थोडे लोक सांगू शकतील. सगळे त्याला म्हणतात अफगाण चर्च!

आता तुम्ही म्हणाल, "बाई, अफगाणिस्तान कुठं आणि मुंबई कुठं?" थांबा, तेच सांगते.

एक फसलेली लढाई

इंग्रज तेव्हा हिंदुस्थानात आपलं राज्य वाढवत होते. त्यांना एक भीती सतत छळायची. उत्तरेकडून रशिया पुढं सरकत सरकत अफगाणिस्तानात आला तर? मग तो हिंदुस्थानच्या दारातच उभा राहिला की! काबूलच्या गादीवर तेव्हा दोस्त महंमद नावाचा अमीर होता. इंग्रजांनी ठरवलं, याला काढायचं आणि आपल्या ऐकण्यातला शाह शुजा गादीवर बसवायचा.

१८३८ साली फौजा निघाल्या. एक फौज उत्तरेकडून निघाली. दुसरी मुंबई इलाख्याची. ती मुंबईहून जहाजात बसून सिंधच्या किनाऱ्यावर उतरली आणि तिथून चालत, बोलन खिंड ओलांडून पुढं गेली. शेकडो मैलांची वाट. वाळवंट, डोंगर, पाण्याचा ठणठणाट. उंट आणि बैल वाटेतच मरून पडले. तरी १८३९ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांचं सैन्य काबूलला पोचलं आणि शाह शुजा गादीवर बसला.

काम फत्ते झालं असं त्यांना वाटलं. पण बाहेरच्यानं आणून बसवलेला राजा लोकांना कसा आवडावा? नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूलचे लोक उठले. शेवटी ६ जानेवारी १८४२ ला इंग्रजांच्या सैन्यानं काबूल सोडलं. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि त्यांच्याबरोबर बारा हजार माणसं : स्वयंपाकी, भिस्ती, उंटवाले, मोतद्दार, बायका आणि मुलंसुद्धा. साडेचार हजारांत गोरे सैनिक होते फक्त सातशेच्या आसपास. बाकी सगळे आपले, हिंदी शिपाई.

ऐन थंडीचे दिवस. गुडघ्याएवढं बर्फ. मैदानी मुलखातल्या शिपायांच्या अंगावर धड गरम कपडे नाहीत. रात्री झोपलेली माणसं सकाळी उठतच नव्हती. हातपाय बर्फानं बधिर झाले, बंदुकीचा चाप ओढता येईना. वरून डोंगरातल्या टोळ्यांचे हल्ले. आठवडाभरात ते सैन्य संपलं.

१३ जानेवारीला जलालाबादच्या किल्ल्यावरून पहारेकऱ्यांना एक घोडेस्वार येताना दिसला. जखमी, थकलेला, घोडाही मरायला टेकलेला. तो होता डॉक्टर विल्यम ब्रायडन. "साडेसोळा हजारांतला एकटाच वाचला" असं पुष्कळ पुस्तकांत लिहितात. ते तितकंसं खरं नाही बरं का! त्या दिवशी जलालाबादला पोचलेला तो एकटा गोरा माणूस होता, हे खरं. पण अफगाणांच्या कैदेत काहीजण होते, ते पुढं सुटले. काही हिंदी शिपाईही कसेबसे परत आले. त्यांची गोष्ट मात्र कुणी फारशी सांगितली नाही, म्हणून ती आपल्या कानावर आली नाही.

आणि एवढं करून मिळालं काय? १८४२ च्या सप्टेंबरात इंग्रज सूड घ्यायला पुन्हा काबूलला गेले, तिथला मोठा बाजार त्यांनी उद्ध्वस्त केला आणि ते परत फिरले. दोस्त महंमद पुन्हा गादीवर आला. म्हणजे सगळं होतं तिथंच! फक्त हजारो माणसं तेवढी गेली.

'काली पाचवी'ची गोष्ट

मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातले, देशावरचे आणि उत्तरेकडचेही शिपाई होते. त्यातली पाचवी पलटण पुढं 'काली पाचवी' म्हणून ओळखली जाऊ लागली. आजही मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनला याच नावानं ओळखतात.

१८४० च्या मे महिन्यात या पलटणीची एक तुकडी बलुचिस्तानातल्या काहान नावाच्या किल्ल्यात गेली. आजूबाजूला मरी टोळीचा मुलूख. उंट घेऊन परत पाठवलेल्या शिपायांवर वाटेतच हल्ला झाला, त्यातले जवळजवळ सगळे मारले गेले. किल्ल्यात उरले सुमारे १४० जण आणि त्यांचा कॅप्टन लुई ब्राउन. एप्रिल-मे सोडा, आपल्याला मार्चचं ऊन सोसत नाही. तिथं भर उन्हाळ्यात, खराब पाणी पिऊन, निम्मे तापानं आजारी, अशा अवस्थेत ते किल्ला धरून बसले.

त्यांच्या मदतीला निघालेली फौज ३१ ऑगस्टला डोंगराच्या खिंडीत हरली. लढाईपेक्षाही तहानेनं तिचे हाल झाले. आता मदत येणार नाही हे कळल्यावरही आतले शिपाई डगमगले नाहीत.

शेवट कसा झाला ठाऊक आहे? मरींचा म्हातारा सरदार दोदा यानं बोलणी केली. तुम्ही किल्ला आम्हांला द्या, आम्ही तुम्हांला सुखरूप जाऊ देऊ. कुराणावर हात ठेवून शपथ घेतली. सप्टेंबरच्या अखेरीस ही मूठभर माणसं डोंगरातून खाली उतरली आणि शत्रूनं दिलेला शब्द पाळला! शौर्य दोन्हीकडं असतं आणि माणुसकीही.

बाकाच्या पाठीवरची खाच

या लढायांत मेलेल्यांच्या आठवणीसाठी मुंबईत एक चर्च बांधायचं ठरलं. ४ डिसेंबर १८४७ ला पायाभरणी झाली. नकाशे केले हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरनं. मुंबईकरांना विहार तलावाचं पाणी नळानं मिळालं ना, ती योजनाही याच कॉनिबेअरची! पैसे कमी पडले, काम रखडलं. पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांनीही मदत केली. ७ जानेवारी १८५८ ला चर्च प्रार्थनेसाठी खुलं झालं. मनोरा पुरा व्हायला मात्र १८६५ साल उजाडलं.

आत पाऊल टाकलं की प्रथम डोळे दिपतात. उंचच उंच टोकदार कमानी, रंगीत काचांच्या खिडक्या. उन्हाच्या वेळी त्या काचांतून निळा, तांबडा, हिरवा प्रकाश फरशीवर सांडतो. मनोऱ्यात आठ मोठ्या घंटा आहेत.

पण मी तुम्हांला जे दाखवणार आहे ते अगदी साधं आहे. लाकडी बाकं बघा. त्यांच्या पाठीला खाचा केलेल्या आहेत. कशासाठी असतील? छत्री ठेवायला? काठी ठेवायला?

नाही. बंदूक ठेवायला!

देवाच्या घरात बंदूक? याचं उत्तर शोधायला पुन्हा तारखेकडं जाऊया. चर्च उघडलं जानेवारी १८५८ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी काय झालं होतं? बरोबर, १८५७ चा उठाव! १० मे १८५७ ला मीरतला उठाव झाला तो रविवार होता. संध्याकाळी गोरे सैनिक प्रार्थनेला जायच्या तयारीत होते. त्यांच्या हाताशी बंदुका नव्हत्या. इंग्रजांनी याची एवढी धास्ती घेतली, की पुढं सैनिकांनी प्रार्थनेलासुद्धा बंदूक घेऊन जावं असा रिवाज पडला. मग बंदुका ठेवायला बाकांना खाचा आल्या.

आपल्या भागातही तेव्हा शांतता नव्हती. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीचे शिपाई उठले. खुद्द मुंबईत, ऑक्टोबर १८५७ मध्ये, सय्यद हुसेन आणि मंगल कडिया या दोन शिपायांना मैदानात सगळ्यांसमोर तोफेच्या तोंडी दिलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत या चर्चमध्ये पहिली प्रार्थना झाली. डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं आणि हात मात्र बंदुकीजवळ! राज्य करणाऱ्यांनाही किती भीती वाटत असते, हे त्या खाचेकडं पाहिलं की कळतं.

"बाई, शिपायांची नावं कुठं?"

आता समोर, वेदीजवळच्या भिंतीकडं चला. तिथं लढाईत आणि आजारानं मेलेल्यांची नावं लिहिलेली आहेत. ती आहेत अधिकाऱ्यांची. खाली एक मजकूर आहे. त्याचा आशय असा, की हे चर्च वर नावं दिलेल्या अधिकाऱ्यांच्या आणि त्याचबरोबर अशा हुद्देदारांच्या व साध्या शिपायांच्या स्मरणार्थ आहे, की ज्यांची संख्या फार मोठी असल्यामुळं त्यांची नावं इथं लिहिता आली नाहीत.

माधवनगरच्या माझ्या वर्गात मी हे सगळं सांगत होते. सगळे गोऱ्या डॉक्टरच्या घोड्याविषयी विचारत होते. मागच्या रांगेतली एक मुलगी मात्र गप्प होती. ती एकदम म्हणाली, "बाई, म्हणजे जे जास्त मेले त्यांची नावं नाहीत आणि जे कमी मेले त्यांची आहेत?"

मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत मी तो मजकूर असा वाचलाच नव्हता!

नीट विचार करा. जागा नव्हती, हे कारण खरं असेलही. पण मग कुणाला जागा द्यायची, हे ठरवलं कुणी? वगळलेल्यांत गोरे शिपाईही होते बरं का. इंग्लंड-आयर्लंडमधल्या गरीब घरांतली ती मुलं. त्यांच्याही आया वाट बघत बसल्या असतील. म्हणजे हा फरक नुसता गोऱ्या-काळ्याचा नव्हता, मोठ्या-लहानाचाही होता. हिंदी शिपाई दोन्ही बाजूंनी मागं पडला.

तुम्ही म्हणाल, तो काळच तसा होता. पण तसंही नाही. पुण्याजवळ भीमा कोरेगावला एक दगडी स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत मेलेल्या कंपनीच्या सैनिकांसाठी तो उभारला. त्यावर साध्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यांतली कितीतरी नावं 'नाक' या अक्षरांनी संपतात. ती महार शिपायांची नावं. आज दोनशे वर्षांनंतरही लोक तिथं जातात आणि ती वाचतात. अफगाण चर्च त्याच्यानंतर बांधलेलं. याच मुंबई इलाख्यात, याच कंपनी सरकारच्या काळात शिपायांची नावं दगडावर आली होती. म्हणजे मनात असतं तर जमलं असतं.

आणि पुढं? पहिल्या महायुद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कुत या गावी वेढ्यात अडकल्या. जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ ला सैन्याला शरण जावं लागलं. या आघाडीवर मेलेल्यांसाठी १९२९ साली बसऱ्याला मोठं स्मारक झालं. चाळीस हजारांहून अधिक माणसांचं ते स्मारक. पण त्यावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा लिहिला. अमुक पलटण, इतके शिपाई. झालं!

अफगाण चर्चनंतर सत्तर वर्षं गेली, तरी तीच गोष्ट. पण थांबा, गोष्ट इथं संपत नाही. लढाईत मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी 'राष्ट्रकुल युद्धकबर आयोग' नावाची संस्था आहे. २०२१ साली तिनं स्वतःचीच चौकशी केली आणि जाहीरपणे कबूल केलं, की पहिल्या महायुद्धात मेलेल्या आशिया-आफ्रिकेतल्या पंचेचाळीस ते चोपन्न हजार माणसांना आम्ही बरोबरीनं वागवलं नाही. संस्थेनं माफीही मागितली. शंभर वर्षांनी का होईना!

तुमच्या गावातला दगड

आता कुलाब्याहून परत आपल्या गावाकडं येऊ. सातारा, सांगली, रत्नागिरी, पुणे या जिल्ह्यांतल्या पुष्कळ गावांत चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक छोटी दगडी पाटी बसवलेली दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढंच तिच्यावर असतं. कधी चुन्याचे हात बसून अक्षरं बुजलेली, कधी पाटीसमोर सायकली लावलेल्या. सातारा तालुक्यातलं अपशिंगे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. त्या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले.

पाटीवर आकडा आहे. पण आकड्याला घर नसतं, आई नसते, आवडती भाकरी-चटणी नसते. ते सगळं नावाला असतं.

म्हणून या सुट्टीत एक काम करा. तुमच्या गावात अशी पाटी आहे का ते शोधा. असेल तर ओल्या फडक्यानं हळूच पुसा. खिळ्यानं किंवा दगडानं खरवडू नका हं, अक्षरं जातील. तिच्यावरचा मजकूर वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या. मग आजी-आजोबांना विचारा, "आपल्या भावकीतलं कुणी लढाईला गेलं होतं का?" कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत एखादं जुनं पदक, पेन्शनचा कागद निघेल. म्हाताऱ्या माणसांना नाव आठवेल, "अमक्याचा चुलता बसऱ्याला गेला तो आलाच नाही." ते नाव लिहून घ्या. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीखही लिहा. युद्धकबर आयोगाची यादी आता संगणकावर कुणालाही बघता येते. तिच्यात कित्येक शिपायांच्या नावापुढं गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला आहे. शाळेत संगणक असेल तर सरांच्या किंवा बाईंच्या मदतीनं तिथं शोधा.

सगळी नावं सापडणार नाहीत. पाटीवर सतरा असतील आणि तुम्हांला तीनच मिळतील. हरकत नाही. तीन तर तीन! कालपर्यंत एकही नव्हतं.

आमच्या वर्गानं एक जाड वही घातली आहे. पहिल्या पानावर त्या मुलीनं आपल्या पणजोबांच्या भावाचं नाव लिहिलं. त्याचं फक्त पहिलं नावच घरात आठवत होतं, तेवढंच लिहिलं. पुढची जागा तिनं कोरी सोडली आहे. मी विचारलं, "कोरी का गं सोडलीस?"

ती म्हणाली, "बाई, आत्याला विचारायचं राहिलंय अजून."

मुंबईला कधी गेलात तर अफगाण चर्च जरूर बघा. मनोरा बघा, रंगीत काचा बघा, बाकावरच्या खाचेवरून बोट फिरवा. आणि वेदीजवळच्या त्या भिंतीसमोर उभे राहिलात, की लिहिलेली नावं वाचून झाल्यावर जरा वेळ तिथंच थांबा. न लिहिलेल्यांसाठी.